घरचा कपड्यांचा ड्रायर: बिघाड आणि निगा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत घरगुती यंत्रांची दुरुस्ती करतो. मृगाचा पाऊस लागला की आठवड्याभरात ड्रायरचे फोन सुरू होतात आणि दरवर्षी तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट निघते, हवेची वाट कुठेतरी तुंबलेली असते. ड्रायर तापतो म्हणून कपडे सुकतात असं आपण धरून चालतो. खरं तर गरम हवा कपड्यांतला ओलावा उचलून बाहेर पडते, तेव्हा ते सुकतात. ती बाहेर पडली नाही तर यंत्र कितीही तापून उपयोग नाही.

आमच्या वॉशिंग मशीनला ड्रायर आहेच. मग हा वेगळा ड्रायर कशाला?

सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला आपण सगळेच ड्रायर म्हणतो, पण तो फक्त जोरात फिरून पाणी झटकतो. त्यातून कपडे निथळून निघतात, सुकून नाही. या पानावर ज्याबद्दल लिहिलंय तो ड्रायर म्हणजे आत तापणारी कॉइल (किंवा हीट पंप), पंखा आणि सावकाश फिरणारा मोठा ड्रम असलेलं वेगळं यंत्र.

त्यात तीन प्रकार येतात. व्हेंटेड ड्रायर दमट हवा पाइपातून बाहेर फेकतो. कंडेन्सर ड्रायर त्या हवेतलं पाणी थंड करून टाकीत साठवतो. हीट पंपवालाही पाणी साठवतो, पण तीच उष्णता परत परत वापरतो, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते आणि वेळ जास्त लागतो. तुमचा कुठला आहे हे आधी बघा, कारण निगा त्यावर ठरते.

पावसाळ्यात हवाच दमट असते. ड्रायर तीच आत ओढणार, मग कपडे सुकणार कसे?

रास्त प्रश्न आहे. जुलैत आपल्याकडे २६ अंशांची हवा ९० टक्के आर्द्रतेची असते. तीच हवा ६५ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण आणखी पाणी धरण्याची तिची ताकद कितीतरी वाढते. म्हणून बाहेर मुसळधार पडत असतानाही ड्रायर चालतो. एकच अट असते, बाहेर टाकलेली हवा फिरून त्याच खोलीत राहता कामा नये.

ड्रम फिरतो, गरमही होतो, पण दोन तास झाले तरी कपडे दमटच. काय बिघडलंय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. कारागीर बोलवायच्या आधी या क्रमाने बघा.

पहिली जाळी. दाराजवळ किंवा दाराच्या आत जी जाळी असते तिच्यावर कपड्यांचा तूस जमतो, ज्याला लिंट म्हणतात. तो प्रत्येक घाण्यानंतर, म्हणजे एका वेळी टाकलेले कपडे सुकून निघाले की, काढायचा. आठवड्यातून एकदा नव्हे, प्रत्येक घाण्यानंतर. पण जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि तरी तुंबलेली असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. कपडे मऊ करायला वापरतात त्या कंडिशनरचा एक पातळ, न दिसणारा थर तारांवर बसतो. जाळी नळाखाली आडवी धरा. पाणी आरपार न जाता वर साचून राहिलं तर समजा, हवाही अशीच अडतेय. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा.

दुसरा पाइप. एका घरी मी गेलो तर त्या बाईंनी जाळी अगदी लखलखीत ठेवलेली, तरी कपडे दोन-दोनदा लावावे लागत. ड्रायर पुढे ओढला आणि कारण समोर आलं. फरशी पुसताना यंत्र मागे सरकवलं होतं, आणि चुण्यांचा ॲल्युमिनियमचा पाइप भिंतीला चिकटून पापडासारखा चपटा झाला होता. पाइप सोडवून उभा धरला तर त्यातून ओल्या राखाडी तुसाचा लगदा फरशीवर पडला. चहाचं पातेलं भरेल एवढा. नवा भाग एकही लागला नाही. पाइप साफ केला, लांबी निम्मी कापली, यंत्र वीतभर पुढे ठेवलं आणि त्यांचा घाणा पुन्हा तासाभरात सुकायला लागला. पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढा चांगला. जमलं तर आतून गुळगुळीत असलेला पत्र्याचा पाइप लावा, कारण चुण्यांच्या प्रत्येक घडीत तूस अडकतो. प्लास्टिकचा पाइप मात्र कधीही नको.

तिसरं, पाइपाचं बाहेरचं तोंड. तिथे झडप असेल तर ड्रायर चालू असताना ती पूर्ण उघडते का, ते बघा. हात धरल्यावर जोराचा गरम झोत लागला पाहिजे. झुळूक लागत असेल तर वाट कुठेतरी अडलेली आहे. पाखरं येऊ नयेत म्हणून काही जण तोंडावर बारीक जाळी ठोकतात. त्या जाळीत महिन्याभरात तूस भरतो आणि नवाच बूच तयार होतो.

चौथं, भरण. ६ किलोचा ड्रायर म्हणजे ६ किलो सुके कपडे, तेही फक्त सुती. सिंथेटिकसाठी साधारण निम्मं धरा. ड्रमचा वरचा तिसरा भाग रिकामा हवा, म्हणजे कपडे वरून खाली पडतात आणि हवा त्यांच्यातून जाते.

पाचवं, वॉशिंग मशीनचं पिळणं. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या ७० टक्क्यांच्या जवळपास पाणी उरतं, १२०० वर ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५ किलोच्या घाण्यात एक लिटरचा फरक. तो लिटर उकळून काढण्यापेक्षा पिळून काढणं कितीतरी स्वस्त पडतं.

एका घाण्याला वीज किती लागते?

एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते, कुठल्याही कंपनीचं यंत्र असलं तरी. ५ किलो कपड्यांत ३ लिटर पाणी धरलं तर जवळजवळ १.९ युनिट. वर ड्रम, पंखा आणि वाया जाणारी उष्णता धरून साध्या व्हेंटेड ड्रायरला अडीच ते तीन युनिट लागतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. मीटर याहून फार जास्त पळत असेल तर वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

ड्रम फिरतो, पण आत अजिबात गरम होत नाही.

आधी 'कूल' किंवा 'एअर' प्रोग्राम लागलेला नाही ना, ते बघा. हसू नका, यासाठी मी पाऊस तुडवत पावस गावापर्यंत गेलोय.

तसं नसेल तर तीन शक्यता असतात. कॉइल जळली असेल, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा भाग) बिघडला असेल किंवा थर्मल फ्यूज उडाला असेल. थर्मल फ्यूज हा छोटासा सुरक्षेचा भाग आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तो वीज तोडतो आणि एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलमध्ये त्याऐवजी दाबून परत चालू करायचं बटण असतं. प्लग काढून मल्टिमीटरने तपासलं की दोन मिनिटांत कळतं.

आता एक कळकळीची विनंती. कुणी कारागीर "फ्यूज मिळत नाही, डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर त्याला हात जोडून परत पाठवा. फ्यूजच्या जागी तार जोडली की ड्रायर चालतो, हे खरं. पण पुढच्या वेळी जाळी तुंबली तर त्याला थांबवणारं काहीच उरत नाही. फ्यूज फार क्वचित आपणहून जातो. तो उडाला याचा अर्थ आत प्रमाणाबाहेर तापलं होतं, आणि त्याचं कारण शोधल्याशिवाय नवा फ्यूजही टिकणार नाही.

बटण दाबलं तर काहीच होत नाही. दिवाही लागत नाही.

प्लगपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडलेला असेल तर एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर हट्ट करू नका, वायरमन बोलवा. वीज येत असेल तर दार नीट बंद झालंय का ते तपासा. दाराचा स्विच 'टिक्' असा वाजतो. तो वाजत नसेल तर खिटी झिजलेली किंवा तुटलेली असते. हे स्वस्त काम आहे.

घूं असा आवाज येतो, पण ड्रम फिरत नाही.

प्लग काढा, दार उघडा आणि ड्रम हाताने फिरवा. एका बोटाने भिंगरीसारखा फिरला तर ड्रम फिरवणारा पट्टा तुटलाय. थोडा जड लागला, म्हणजे पट्टा जागेवर आहे, आणि तरी मोटर नुसतीच घुमते, तर बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, कमजोर झाला असेल. कॅपॅसिटर स्वतः हाताळू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

चालताना खडखड होते, किंवा कुरकुर ऐकू येते.

दर फेरीला एकदा 'टक्' होत असेल तर नाणं, हुक किंवा सेफ्टी पिन असते. ब्लाउजचे हुक आणि पँटची चेन लावूनच कपडे टाका. लयीत 'धप धप' होत असेल आणि यंत्र बरेच दिवस बंद होतं, तर पट्ट्याला किंवा रोलरला (ड्रमला आधार देणाऱ्या चाकाला) एका जागी बाक आलेला असतो. तो दहा-पंधरा मिनिटांत जातो. सतत कुरकुर म्हणजे रोलर किंवा पट्टा ताणून धरणारी पुली सुकलीय किंवा झिजलीय. त्यात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेलावर तूस चिकटतो आणि आतली गरमी लागते, याहून वाईट जोडी नाही.

करपल्यासारखा वास येतो.

ड्रायर ताबडतोब बंद करा आणि भिंतीवरचं बटण बंद करून वीज तोडा. धूर दिसत असेल तर दार उघडू नका, उघडलं की आत हवा मिळते आणि ठिणगीची आग होते. नवीन ड्रायर किंवा मोसमातला पहिला घाणा असेल तर कॉइलवरची धूळ जळून थोडा वास येतो, पण तो पाच-दहा मिनिटांत गेला पाहिजे. राहिला तर मागचं झाकण उघडून आतला तूस साफ करून घ्या. वर्ष-दोन वर्षांतून एकदा हे काम करून घेतलेलं बरंच. मी उघडतो तेव्हा कित्येकदा कॉइलच्या डब्याभोवती राखाडी घोंगडीसारखा थर असतो आणि त्याची कडा तपकिरी झालेली असते.

तेलकट कपडे ड्रायरमध्ये टाकले तर चालतात का?

नाही. या प्रश्नावर मी जरा थांबून लिहितो.

बाळ-बाळंतिणीच्या मालिशचे पंचे, स्वयंपाकघरातली फडकी, डोक्याला तेल लावून झोपलेल्यांच्या उशांचे अभ्रे आपल्या घरात असतातच. साबणाने धुतले तरी त्यांच्यातलं तेल पूर्ण जात नाही. काही तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून उष्णता निघते. जवस आणि करडईचं तेल यात सगळ्यांत पुढे, सूर्यफुलाचंही तसंच, तिळाचं थोडं मागे, खोबरेल बरंच मागे. ड्रायरमधून काढलेले गरम पंचे टोपलीत दाबून ठेवले की ती उष्णता आतल्या आत कोंडते आणि वाढत जाते. बाहेरून ठिणगी लागायची गरज उरत नाही.

एका घरी संध्याकाळी ड्रायर बंद केल्यावर तासा-दीड तासाने करपल्याचा वास आला. मला फोन आला, यंत्र जळतंय म्हणून. यंत्र गार होतं. वास कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीतून येत होता. वरचे पंचे हाताला कोमट लागले, मधल्यांत बोटं घातली तर चटका बसला. मधला पंचा उलगडला तर घडीच्या मधोमध तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा तपकिरी डाग होता. बाळ त्याच खोलीत झोपलं होतं. तेव्हापासून लहान बाळ असलेल्या प्रत्येक घरी मी हे न विचारताच सांगतो.

तेलाचे कपडे आधी गरम पाण्यात, जास्त साबणात, गरज पडली तर दोनदा धुवा. तेलाचा वास येत असेल तर दोरीवरच वाळत घाला, कितीही दिवस लागोत. इतर कपड्यांच्या बाबतीतही शेवटची दहा मिनिटं गार हवेची असतात ती मध्येच तोडू नका, आणि कपडे निघाल्यावर पसरून ठेवा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट लागलेले कपडे, तसंच रबराची आणि फोमची वस्तूही आत नको.

साडी, चादर मध्येच ओली राहते.

नऊवारी किंवा डबल बेडची चादर फिरता फिरता दोरखंड होते आणि मधला भाग आतल्या आत ओला राहतो. वर चादरीच्या पोटात चार मोजे आणि एक बनियन जाऊन बसतात. लांब कापडं वेगळी लावा, एका वेळी एक-दोनच, आणि अर्ध्यावर थांबवून झटकून परत टाका. पैठणी, रेशीम, जर आणि लोकर यांना ड्रायर नाहीच. बाकी कपड्यांचं लेबल बघा. चौकोनात वर्तुळ म्हणजे चालतं, एक टिंब म्हणजे मंद आच, दोन म्हणजे जास्त, आणि फुली म्हणजे नको.

सेन्सरवाला ड्रायर दहा मिनिटांतच 'सुकलं' म्हणून थांबतो.

ड्रमच्या पुढच्या कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओलं कापड दोन्हींना एकदम लागलं की ओलावा आहे असं यंत्राला कळतं. कंडिशनर आणि बोअरच्या जड पाण्याचा थर त्यांच्यावर बसला की त्या फसतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि मग साध्या ओल्या फडक्याने. खरवडू नका. आत दोनच कपडे असतील तरीही सेन्सर चुकतो, तेव्हा वेळ लावून चालवा.

कंडेन्सर ड्रायर 'टाकी रिकामी करा' म्हणतो, पण टाकी रिकामीच आहे.

तळाच्या पंपापाशी किंवा पाण्याची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या खुणेपाशी तूस अडकलाय. खालचं झाकण उघडून कंडेन्सर बाहेर निघत असेल तर काढा, नळाच्या धारेखाली उलटसुलट धुवा, निथळू द्या आणि त्याची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या. मोसमात महिन्यातून एकदा हे करावं. हीट पंपमध्ये तो भाग बाहेर येत नाही. तिथे पत्र्याच्या पात्यांवर मऊ ब्रश वरून खाली फिरवायचा, आडवा नाही, नाहीतर पाती वाकतात. हीट पंपवाला ड्रायर घर बदलताना आडवा ठेवला असेल तर उभा करून पुस्तिकेत लिहिलेले तास थांबा, मगच सुरू करा. फ्रिजला करतो तसंच.

गावात व्होल्टेज कमी असतो. चालेल का?

चालेल, पण सावकाश. व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरला तर कॉइलची ताकद ६१ टक्क्यांवर येते, म्हणजे २००० वॉटची कॉइल सुमारे १२०० वॉटचंच काम करते. कपडे सुकायला साहजिकच जास्त वेळ लागतो. कॉइलचं त्यात नुकसान नाही, मोटरचं मात्र आहे. ती सुरू होताना कण्हत असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे लावून बघा. इन्व्हर्टरवर चालवायचा विचारही नको.

सॉकेट कुठला हवा?

गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा, स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग असलेला. २२०० वॉटचा ड्रायर साडेनऊ अँपिअर ओढतो, आणि तोही तासभर न थांबता. ६ अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड त्यात वितळतो. एकाच वायरवर गरम पाण्याचं वॉशिंग मशीन आणि ड्रायर एकदम लावलेत तर एमसीबी पडणारच. चालू असताना अधूनमधून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, पण चटका बसत असेल किंवा पिन तपकिरी दिसत असेल तर सॉकेट बदला.

पाइप बाहेर न काढता बाथरूममध्येच सोडला तर?

प्रत्येक घाण्याला तीन लिटर पाणी खोलीत सोडल्यासारखं आहे. आठवड्याभरात छताला काळी बुरशी येते आणि ड्रायर तीच वाफ परत ओढत बसतो. पाइप खिडकीतून बाहेर काढा. पाऊस आत येत असेल तर तोंड खाली वाकवा.

त्याच खोलीत गॅस गिझर असेल तर आणखी जपा. ड्रायर खोलीतली हवा ओढतो, तेव्हा गिझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. दोन्ही एका वेळी चालवू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

मुलगी अमेरिकेत असते. तिच्या ड्रायरलाही हेच लागू आहे का?

हो, आणि तिथे जास्तच, कारण तो बारा महिने चालतो. तिथला विजेचा ड्रायर २४० व्होल्ट, ३० अँपिअरचा, आपल्या ड्रायरच्या दुपटीहून जास्त ताकदीचा असतो आणि पाइप भिंतीच्या आतून जातो, त्यामुळे तूस दिसतही नाही. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीत घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० धरल्या आहेत आणि त्यांचं सगळ्यांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच आहे. वर्षातून एकदा भिंतीतला पाइप साफ करून घ्यायला सांगा. आणि ड्रायर लावून घराबाहेर जाऊ नको, रात्री झोपू नको, हेही.

आम्ही चारच महिने वापरतो. बाकीचे आठ महिने काय काळजी घ्यायची?

दिवाळीच्या आवराआवरीत जाळी धुवा, पाइप सोडवून झटका, टाकी रिकामी करून वाळवा, प्लग काढून ठेवा. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला जुनं सुती कापड सुतळीने बांधा आणि 'कापड सोडा' अशी चिठ्ठी ड्रायरच्या बटणावर चिकटवा, म्हणजे जूनमध्ये घाईत विसरायला होणार नाही. आत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ पेट घेणारी असते.

मे महिन्याच्या शेवटी पाइपात टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीची मातीची घरं, पालीची अंडी, एकदा तर चिमणीचं अख्खं घरटं मला सापडलंय. मागच्या वायरला उंदराचे दात लागलेत का, तेही बघा. सगळं ठीक असेल तर दोन कोरडे टॉवेल टाकून मंद आचेवर दहा मिनिटं चालवा, बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरा, आणि झोत जोराचा लागला की पहिला ओला घाणा टाका.